मूळ अखंड, वाटप विभागून



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर शिकवलं, आणि अवघड विषय सामान्य माणसापुढे मांडायला ते कधी कचरले नाहीत. त्या भरवशावर आज ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्स कोडविषयी बोलणार आहे. समोरच्या बऱ्याच श्रोत्यांचा या कोडशी थेट संबंध आलेला नाही, हे ठाऊक आहे. पण प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सामाईक वस्तू लांबच्या माणसापर्यंत पोचवताना तिचं ओझं त्याला झेपत नसेल, तर वस्तूचेच तुकडे करावेत की पोचवण्याची रीत बदलावी?

वस्तू आहे लिनक्सचं कर्नल, म्हणजे यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसून मेमरी, डिस्क आणि नेटवर्क सांभाळणारा गाभा. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण असं काही लिहीत असल्याचं जाहीर केलं, तेव्हाच त्यानं सांगून टाकलं होतं की हे इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला बांधलेलं आहे, दुसऱ्या यंत्रावर चालणार नाही. पहिली आवृत्ती दहा हजार ओळींच्या आसपास होती. मार्च १९९४ मध्ये १.० आलं तेव्हा ओळी पावणेदोन लाखांवर गेल्या होत्या आणि दाबून बांधलेला गठ्ठा जेमतेम मेगाबाइटभर होता. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं ते तीस लाखांहून अधिक ओळी घेऊन. गठ्ठा वीस मेगाबाइटच्या घरात गेला.

आज वीस मेगाबाइट म्हणजे एखादा छोटा व्हिडिओ. पण २००१ सालचा हिशेब करून बघा. ५६ के लिहिलेला मोडेम आपल्या तारांवर सेकंदाला चार किलोबाइट देई, तेही नशीब चांगलं असेल तर. म्हणजे पाच हजार सेकंद, जवळजवळ दीड तास. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, कॉलचे पल्स पडत राहिलेले आणि इंटरनेटच्या विकत घेतलेल्या तासांतून वजावट चालू. ज्या गावात इंटरनेटचा नोड नव्हता तिथल्या माणसाला तर दूरच्या नोडला फोन लावावा लागायचा. लाइन मध्येच तुटली आणि पलीकडच्या सर्व्हरवर अर्धवट फाइल पुढे चालू करायची सोय नसली, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पीसी-क्वेस्ट मासिकासोबत येणारी लिनक्सची सीडी लोक हातोहात फिरवत, किंवा पुण्याहून येणाऱ्या एखाद्याच्या बॅगेतून मागवून घेत.

अशा माणसानं तो गठ्ठा सोडवला की त्याला काय दिसायचं? ‘एमएम’ नावाच्या फोल्डरमध्ये मेमरीची व्यवस्था, ‘एफएस’मध्ये फाइल सिस्टीम, ‘नेट’मध्ये नेटवर्क, ‘ड्रायव्हर्स’मध्ये निरनिराळी कार्डं आणि चिप. आणि ‘आर्च’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रोसेसरच्या एकेका घराण्याचं एकेक उपफोल्डर: आय३८६, अल्फा, स्पार्क, एम६८के, मिप्स, पीपीसी, आर्म, एस३९०. यातलं एस३९० म्हणजे आयबीएमचा मेनफ्रेम. इथं सोलापुरात टेबलावर असायचे ते इंटेल नाहीतर एएमडीचे पीसी. मग मेनफ्रेमचा कोड इथल्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या फोनबिलावर कशासाठी उतरवायचा?

हार्डवेअरनुसार सोर्स वेगळा करा, ज्याला जो लागेल तो त्यानं न्यावा, ही सूचना यातूनच पुढे आली. तिला आळशी किंवा अडाणी म्हणणं अन्यायाचं होईल. जाड तारेच्या टोकाशी बसलेल्यांना ती क्षुल्लक वाटू शकते. बारीक तारेच्या टोकाशी बसलेल्याला मात्र तो आपल्या सहभागाचाच प्रश्न असतो. दीड तास परवडत नसेल तर तो माणूस कोड वाचणारच नाही, दुरुस्ती पाठवणारच नाही, आणि त्याची अनुपस्थिती कुणाच्या लक्षातही येणार नाही. सूचनेमागची ही कळकळ मला पूर्ण मान्य आहे. सुरी कुठे चालवायची, याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे.

आधी बचत किती होते ते बघू. कर्नलच्या ओळींपैकी निम्म्याहून अधिक ओळी ड्रायव्हरच्या आहेत, तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. ‘आर्च’चा वाटा त्यामानानं लहान, आणि काळ गेला तसा आणखी घटला. मग ड्रायव्हरही विभागा, असं कुणी म्हणेल. इथं डिजिटल कंपनीच्या ट्युलिप चिपवरचं नेटवर्क कार्ड डोळ्यांसमोर आणा. पीसीआय खाचेत बसणारं हे कार्ड साध्या पीसीत चालायचं आणि डिजिटलच्याच अल्फा मशीनमध्येही चालायचं, एकाच ड्रायव्हरवर. तो ड्रायव्हर कोणत्या गठ्ठ्यात घालणार? दोन्हीत घातला तर एकाच मजकुराच्या दोन प्रती झाल्या. सामाईक गठ्ठ्यात घातला तर बचत गेली. बहुतेक पीसीआय कार्डांची हीच गत. हार्डवेअरची सीमा कोडमधून सरळ रेषेत जात नाही.

याहून मोठी अडचण कोड लिहिणाऱ्याची आहे. कर्नलच्या आतले करार पक्के नसतात, ते सतत बदलतात. एखाद्या अंतर्गत फंक्शनला एक जादा माहिती द्यावी लागली, तर ते फंक्शन जिथं जिथं वापरलं आहे ती प्रत्येक जागा बदलणाऱ्यानं स्वतः दुरुस्त करायची, असा तिथला दंडक आहे. त्याच्यापाशी फक्त आय३८६चा तुकडा असेल तर स्पार्कच्या फोल्डरमध्ये आपण काय मोडलं हे त्याला दिसणारसुद्धा नाही.

हे नुसतं तर्काचं काम नाही. लिनक्सला हा अनुभव अगदी लहानपणी आला. ३८६च्या बाहेर ते पहिल्यांदा गेलं अमिगा आणि अटारीच्या मोटोरोला ६८००० घराण्यावर. त्या मंडळींनी मूळ कोडचे बरेच भाग बाजूला काढून स्वतःचे लिहिले आणि त्यांच्या कोडचं झाड वेगळं वाढू लागलं. पुढे १९९४ मध्ये डिजिटलच्या जॉन हॉल यांच्या खटपटीनं टोरवाल्ड्सच्या हाती अल्फाचं मशीन आलं. हा ६४ बिटचा प्रोसेसर होता, ३८६पेक्षा सर्वस्वी निराळा. कोडची एक प्रत काढून ती अल्फासाठी वळवणं सगळ्यांत सोपं होतं. टोरवाल्ड्सनं ते टाळलं. प्रोसेसरशी खरोखर बांधलेलं तेवढं ‘आर्च’मध्ये नेलं आणि बाकीचं सगळं सर्वांसाठी एकच राहील असं घासूनपुसून लिहिलं. मार्च १९९५ मध्ये आलेल्या १.२ मध्ये अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे ३८६च्या शेजारी, एकाच झाडात होते.

सोलापूरच्या श्रोत्यांना यातला फरक जकार्डवरून लगेच कळेल. चादरीवरचा मोर विणायचा तर त्याची नक्षी पुठ्ठ्यांना भोकं पाडून ठेवलेली असते. प्रत्येक कारखानदारानं तीच नक्षी आपल्या मागासाठी निराळी पाडून घेतली आणि मुळातच एक भोक चुकलेलं निघालं, तर ते एका कारखान्यात दुरुस्त होतं. बाकीच्यांच्या चादरींवर मोराची मान वाकडीच विणली जाते, आणि विणणाऱ्याला ते सांगायलाही कुणी जात नाही.

अल्फाच्या त्या कष्टाचं फळ कुणाला मिळालं ते ऐका. एप्रिल २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन बाजारात आला आणि पीसीच्या घराण्यात ६४ बिटचं युग सुरू झालं. लिनक्स तयारच होतं. मेमरीचा पत्ता ३२ बिटांतच मावतो अशी जी गृहीतं सामाईक कोडमध्ये दडलेली होती, त्यातली कितीतरी अल्फानं आठ-नऊ वर्षं आधीच उघडी पाडली होती. स्पार्क आणि ६८००० आकड्यातले बाइट इंटेलच्या उलट्या क्रमानं ठेवतात. त्यांनी आणखी वेगळ्या चुका पकडून दिल्या. अल्फा आता बनत नाही. पण आज तुमच्या घरातल्या लॅपटॉपवर लिनक्स चालत असेल तर त्यात अल्फाचा वाटा आहे. मोडेमवर दीड तास घालवणाऱ्याला जो कोड निरुपयोगी वाटत होता, त्यानंच त्याच्या पुढच्या यंत्राची वाट मोकळी केली.

गंमत अशी की एकाच झाडाचा एवढा आग्रह धरूनही लिनक्सनं एकदा आपल्याच घरात भिंत घातली. एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरसाठी ‘एक्स८६_६४’ असं फोल्डर निघालं, आणि त्यातला बराचसा मजकूर आय३८६मधून उचललेला होता. काही वर्षं दोन्ही फोल्डर शेजारी नांदले. मग जे व्हायचं तेच झालं. इकडे सुधारलेली चूक तिकडे तशीच राहिली, तिकडची सोय इकडे आली नाही. अखेर थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही एकत्र आणायचं काम अंगावर घेतलं आणि जानेवारी २००८ मध्ये २.६.२४ सोबत ‘एक्स८६’ हे एकच फोल्डर आलं. त्यांची पद्धत मला फार आवडते. त्यांनी आधी काही जुळवलंच नाही. नुसत्या फाइली एका जागी आणल्या आणि नावांच्या शेवटी ३२ आणि ६४ लावले, म्हणजे जुळी भावंडं यादीत शेजारीशेजारी दिसू लागली. मग एकेक जोडी उघडायची, फरक वाचायचा, हा फरक प्रोसेसरमुळे आहे की नुसत्या दुर्लक्षामुळे हे ठरवायचं आणि दोन्हींची एक फाइल करायची. हे काम पुढे कित्येक आवृत्त्या चाललं. संपादनाचं काम केलेल्या माणसाला यातली चिकाटी कळेल.

मग त्या मोडेमवाल्याचं काय झालं? त्याची सोय तुकड्यांनी केली नाही, पॅचनं केली. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्रॅम फरकाची फाइल वाचतो. गेलेल्या ओळीपुढे उणे, आलेल्या ओळीपुढे अधिक, आणि जागा ओळखता यावी म्हणून वरखाली तीन-तीन न बदललेल्या ओळी. एकदा पूर्ण गठ्ठा घरी आला, सीडीवरून का होईना, की पुढच्या आवृत्तीसाठी फक्त एवढा फरक उतरवायचा. तो मेगाबाइटभर असला तरी चार-पाच मिनिटांचं काम. विभागणी इथंही आहे, पण ती काळाच्या अंगानं केलेली आहे. काल आणि आज यांत जेवढं बदललं तेवढंच तारेवरून येतं, आणि घरातली प्रत मात्र पूर्ण राहते. २००५ मध्ये टोरवाल्ड्सनंच लिहिलेल्या, कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रॅमनं हीच कल्पना पक्की केली. जोडीला गठ्ठा दाबण्याच्या पद्धती सुधारल्या, जीझिपनंतर बीझिप२ आणि मग एक्सझेड आलं. जीझिप मागच्या फक्त ३२ किलोबाइटमध्ये पुनरुक्ती शोधतं, एक्सझेड कितीतरी मेगाबाइट मागे बघतं. त्यामुळे निरनिराळ्या प्रोसेसरांच्या फोल्डरमधला सारखा मजकूर एकत्र बांधलेला असला तर तो जास्त चांगला दाबला जातो. म्हणजे तुकडे करून जी बचत होईल असं वाटतं, तीही पुरती हाती येत नाही.

हार्डवेअरनुसार कापणं रास्त आहे ते कंपाइल झाल्यानंतर, म्हणजे सोर्सचं यंत्राच्या भाषेत रूपांतर झाल्यावर. सोर्स माणसासाठी असतो, कंपाइल केलेली फाइल एका विशिष्ट प्रोसेसरसाठी. अल्फाची तयार फाइल इंटेलला खरोखरच कवडीच्या उपयोगाची नाही, तिथं सुरी चालवताना कुणाचंच नुकसान होत नाही. लिनक्सची तयार प्रणाली वाटणाऱ्या डेबियननं हे फार नीट केलं आहे. त्यांचा सोर्स सर्वांना एकच. तयार पॅकेजं मात्र एएमडी६४ची वेगळी, आर्म६४ची वेगळी. आणि फॉन्ट, चित्रं, कागदपत्रं असं ज्याला प्रोसेसरचं सोयरसुतक नाही ते ‘ऑल’ या वर्गात एकदाच ठेवलेलं. आपले देवनागरी फॉन्ट त्याच वर्गात येतात.

तुमच्या खिशातल्या फोनवरही हेच चालतं. गुगलनं २०१८ मध्ये अँड्रॉइड ॲप बंडल आणलं आणि ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपना ते सक्तीचं केलं. ॲप बनवणारा सगळं एकत्र देतो. स्टोअर तुमच्या फोनचा प्रोसेसर, पडद्याची घनता आणि भाषा बघून तेवढाच भाग तुमच्याकडे पाठवतं. ३२ बिटच्या स्वस्त फोनवर दिवसाचा डेटा जपून वापरणाऱ्या विडी कामगार बाईला ६४ बिटची लायब्ररी उतरवावी लागत नाही. त्यासाठी तिला स्वतःला काही समजून घ्यावं किंवा निवडावं लागत नाही. मला ही गोष्ट मोलाची वाटते.

पण त्याच अँड्रॉइड फोनच्या पोटात जे लिनक्सचं कर्नल असतं, त्याच्या बाबतीत नेमकं उलटं घडलं आणि त्याचे भोग आपण भोगतो आहोत. चिप बनवणारी कंपनी लिनक्सची एखादी आवृत्ती घ्यायची, तिच्यात स्वतःच्या कोडचा डोंगर रचायची. फोन बनवणारी कंपनी त्यावर आपला थर चढवायची. हे बदल मूळ झाडात परत जायचेच नाहीत. म्हणजे प्रत्येक मॉडेलमागे एक फांदी तोडून नेलेली. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष उघड झाला. तो ‘एमएम’मध्ये, म्हणजे सर्वांच्या सामाईक कोडमध्ये होता, २००७ पासून तिथं होता, आणि साध्या वापरकर्त्याला यंत्राचा मालक होऊ देत होता. मुळातली दुरुस्ती थोड्याशा ओळींची होती आणि ती लगेच झाली. तोडून नेलेल्या फांद्यांपर्यंत ती आपोआप जाणार कशी? प्रत्येक कंपनीनं ती उचलून आपापल्या प्रतीत बसवायची, तपासायची आणि फोनवर पाठवायची. कंपनीचं त्या मॉडेलवरचं लक्ष उडालं असेल तर फोन तसाच राहिला. दोन-तीन वर्षांनी ‘अपडेट येत नाही’ म्हणून दुकानदाराकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या सोलापूरच्या गिऱ्हाइकाला हे कारण कुणी सांगत नाही. हार्डवेअरनुसार सोर्स कापल्यावर काय होतं, त्याचा एवढा मोठा दाखला दुसरा नाही.

उपाय चालू आहेत. आर्मच्या दुनियेत प्रत्येक बोर्डासाठी वेगळी सी फाइल लिहायची प्रथा होती. २०११ मध्ये टोरवाल्ड्सनं तिच्यावर जाहीर नापसंती दाखवल्यावर ‘डिव्हाइस ट्री’चा मार्ग धरला गेला. बोर्डावर कोणती चिप कुठल्या पत्त्यावर आहे हे एका वर्णनाच्या फाइलमध्ये लिहायचं आणि सुरू होताना कर्नलनं ते वाचायचं. कर्नल तेच राहतं, बोर्डागणिक वर्णन बदलतं. अँड्रॉइडनं २०१७ मध्ये मूळ प्रणाली आणि कंपनीचा थर वेगळे करणारं ट्रेबल आणलं, आणि पुढे अँड्रॉइड १२ सोबत सगळ्यांना एकच सामाईक कर्नल आणि कंपनीचं सामान वेगळ्या मोड्यूलमध्ये, अशी रचना सुरू केली. एवढी वर्षं आणि एवढा पैसा खर्चून लोक अल्फाच्या वेळी ठरलेल्या जागी परत येत आहेत.

झाडाचं कुठलंच फोल्डर कधी कापू नये, असं मात्र मी म्हणत नाही. ज्याचा सांभाळ करायला कुणी उरलं नाही, ते काढावंच लागतं. २०१८ मध्ये ४.१७ मधून आठ प्रोसेसर घराणी एकदम गेली, जानेवारी २०२४ च्या ६.७ मधून इटॅनियम गेलं. ज्या ३८६वर सगळं सुरू झालं त्याचाही आधार २०१२ अखेर काढून टाकला. हे निर्णय ओझं कमी करण्यासाठीच झाले. पण ते चर्चेनं, सर्वांसमोर आणि संपूर्ण झाडासाठी झाले.

आता आपल्या शहराबद्दल. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी इथं १९८३ पासून आहे, विद्यापीठ २००४ पासून. संगणकाचं शिक्षण घेणारी पोरं कमी नाहीत. कर्नलचा गठ्ठा आज एक्सझेडनं दाबूनही १४० मेगाबाइटच्या वर आहे, आणि इतिहासासकट पूर्ण गिट घ्यायचं तर कित्येक गिगाबाइट. शहरात फायबर आलं हे खरं, पण वसतिगृहात मोबाइलच्या डेटावर शिकणारा विद्यार्थी अजून आहे, आणि सांगोल्या-मंगळवेढ्याकडून येणारा तर आहेच. त्याची अडचण आणि २००१च्या मोडेमवाल्याची अडचण एकच.

माझी मागणी साधी आहे. एखाद्या संस्थेनं आवारात एक यंत्र ठेवावं. त्यावर कर्नलचं पूर्ण गिट एकदा उतरवावं, रात्री त्यात फक्त नवा फरक यावा, आणि विद्यार्थ्यांनी आवारातल्या जाळ्यावरून त्याची प्रत घ्यावी. बाहेरच्या डेटावर विद्यार्थ्याचा एक पैसा खर्च होणार नाही. शेजारी डेबियनचा मिरर, म्हणजे त्यांच्या साठ्याची प्रत, असावा. ‘डेबमिरर’ नावाचा प्रोग्रॅम कोणते प्रोसेसर हवेत ते निवडू देतो. एएमडी६४ आणि आर्म६४ एवढेच निवडले की बाकीच्या घराण्यांची तयार पॅकेजं येत नाहीत, आणि काही टेराबाइटचा पसारा एखाद-दुसऱ्या साध्या डिस्कवर मावतो. इथं हार्डवेअरनुसार बेलाशक कापा.

आणि सोर्स पूर्ण कशाला हवा, तेही सांगतो. २०१८ च्या जानेवारीत ४.१५ सोबत लिनक्समध्ये रिस्क-फाइव्ह हे नवं घराणं आलं. त्याची रचना सर्वांना खुली आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतीय प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. त्यांचे बोर्ड प्रत्येकाच्या हाती येईपर्यंत थांबायची गरज नाही. साधा इंटेलचा लॅपटॉप घ्यायचा, पूर्ण झाडातलं ‘आर्च’खालचं ‘रिस्कव्ही’ हे फोल्डर उघडायचं, क्रॉस-कंपायलरनं त्यासाठी कर्नल बांधायचं आणि क्यूईएमयू या अनुकारकात चालवून बघायचं. फक्त स्वतःच्या यंत्रापुरता कोड उतरवलेल्या मुलाच्या समोर हे फोल्डर कधी आलंच नसतं. जी संस्था जागा आणि डिस्क देईल, तिच्याकडे ते यंत्र बसवून द्यायला आणि पहिल्या तुकडीबरोबर हे कर्नल बांधायला मी स्वतः येईन.